राजकुमारच्या मिशीचा भाव

प्रसेनजितनं भिंग डोळ्याला लावलं, तसा राजकुमारचा हात आपोआप मिशीवर गेला.

मेहकरला प्रसेनजितचं जुन्या वस्तूंचं दुकान. अडकित्ते, कंदील, नाण्यांचे डबे. या पसाऱ्यात तिघं जण एका दाढीच्या रेझरकडे बघत होते. रेझर राजकुमारचा. मागच्या आठवड्यात त्याला भंगाराच्या ढिगात सापडलेला. तेव्हापासून साखरखेर्ड्यात तुळशीरामच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. "इंग्रज कलेक्टरचा हाय. दहा हजाराच्या खाली गेला तं मिशी उतरवतो," असं राजकुमार चार लोकांत बोलून बसला होता. म्हणून आज तुळशीराम टपरी बंद ठेवून साक्षीला आला होता.

मिशी साधी नव्हती. बाप असेपर्यंत ती उतरवायची नसते, आणि राजकुमारचा बाप कडूबा पंच्याऐंशीच्या वयात घरी खाटेवर होता. आज तर म्हाताऱ्यानं चहालाही तोंड लावलं नव्हतं. राजकुमारचा पाय निघेना. पण आई, रुखमाबाई, मागंच लागली होती. "मी पाह्यतो त्यायच्याकडं. तू जाय. संध्याकाळलोक घरी येऊ नको."

प्रसेनजितनं रेझर पिळून उघडला. डोकं, कंगव्यासारखी दातेरी पट्टी, दांडी. तीन तुकडे कागदावर मांडले आणि दांडीजवळ लोहचुंबक नेलं. ते टक्कन चिकटलं.

"भाऊ, पितळ असतं तं चिकटलं नसतं."

"विलायती लोखंड असंल," राजकुमार म्हणाला.

"डोकं विलायतीच हाय. हा शिक्का पाहा. पट्टी दुसऱ्या कंपनीची. आन दांडी..." प्रसेनजितला सांगायलाही जड गेलं. "दांडी स्टोव्हच्या पंपाची हाय."

तुळशीरामला खोकला आला.

"कोणीतरी जुळवलं हे. डोकं एका घरचं, दांडी दुसऱ्या घरची. आमच्या धंद्यात घराणं येगळं निघालं की भाव गेला."

"तरी?"

"साठ रुपये. तुम्ही राख लावून घासलं नसतं तं शंभर."

तुळशीराम छताकडे बघत म्हणाला, "मी काही म्हणून नाई राह्यलो, राजाभाऊ. पण टपरीवर लोक वाट पाहून राह्यले."

"जाऊ द्या ना," प्रसेनजित म्हणाला. "मिशी हाय, सायकलचा आरसा थोडाच हाय काढून ठेवाले?"

"शब्द म्हंजे शब्द," राजकुमार म्हणाला.

त्यानं नवं ब्लेड आणलं, तोच रेझर जोडला आणि दुकानातल्या फुटक्या आरशासमोर बसला. स्टोव्हची दांडी हातात फिरायला लागली.

"पंप मारू नको बे, नुसता फिरव," तुळशीराम म्हणाला.

ओठ कापला. पंचवीस वर्षांची मिशी पाच मिनिटांत कागदावर पडली. तुळशीरामचं समाधान झालं. चहापत्ती आणि साखर घ्यायला तो मेहकरातच थांबला, आणि साक्षीदार नसलेला राजकुमार एकटाच एसटीत चढला.

उघडा ओठ, त्यावर रक्त, डोळे लाल. कंडक्टरनं आवाज खाली घेतला आणि खिडकीची जागा मोकळी करून दिली. शेजारच्या म्हातारीनं पाठीवर हात ठेवला.

"कवा गेले?"

"कोणी नाई गेलं, मावशी. पैज हारलो."

म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. "दुःखानं भ्रमलं लेकरू."

साखरखेर्ड्याच्या स्टँडवर तो उतरला तर बाकावरचे लोक उठून उभे राहिले. एका दुकानाचं शटर अर्धं खाली आलं, मग दुसऱ्याचं.

"अरे, बाबा जिता हाय!" राजकुमार ओरडला.

"हो रे बाबू," एक जण त्याला सावरत म्हणाला. "पयले दोन-तीन दिवस असंच वाटते."

गल्लीत वळेपर्यंत मागे पंचवीस माणसं झाली. दोघांच्या खांद्यावर बांबू, एकाच्या हातात मडकं. कोणाकोणाला समजावणार? राजकुमारला आता एकच भीती होती. बापानं हा ओठ पाहिला तर? आपल्या जित्या जिवावर पोरानं मिशी उतरवली, हे पाहून म्हाताऱ्याचं काळीज तिथंच थांबेल. साठ रुपयांच्या रेझरपायी बाप जाईल. त्यानं तोंडाला दुपट्टा गुंडाळला.

उंबऱ्यावर कोणीतरी तो दुपट्टा ओढून काढला. "मोकळा हो, रड."

कडूबा खाटेवर उठून बसला होता. त्यानं दारातली गर्दी पाहिली, स्वतःसाठी आणलेले बांबू पाहिले, मग पोराचा ओठ पाहिला. गर्दीतल्या बायकांचं रडणं मधेच थांबलं. भिंतीशी बसलेली रुखमाबाई हललीसुद्धा नाही.

"बाबा, माह्याकडून चूक झाली," राजकुमार पायाशी बसला.

म्हाताऱ्याला राग आला नाही. त्यानं हात पुढं केला आणि कापलेल्या ओठावरून बोट फिरवलं.

"बरं केलं. ज्यानं जल्म देल्ला त्याचं तेवढं करा लागते," कडूबा म्हणाला. "पण संग्रामपूरले तुहा खरा बाप सकाळी वारला, हे तुले सांगलं कोणं?"