दारातला बर्फ

दक्षिणेतल्या शहरातून उत्तरेच्या या छोट्या गावात राहायला येऊन हाम्पुसला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. शेजारच्या गुन्वोरआजी ब्याऐंशी वर्षांच्या, घरात एकट्या. म्हणून रोज उजाडण्याआधी स्वतःच्या दारातला बर्फ काढून झाला की तो त्यांच्याही दारातला काढायचा. आभार राहिले बाजूला, म्हातारी खिडकीतून डोळे वटारून बघायची.

आज तर कहरच झाला. विसरलेला डबा घ्यायला तो अर्ध्या वाटेतून परत आला, तर आजी फावड्यानं कडेचा बर्फ उचलून पुन्हा आपल्याच वाटेवर टाकत होत्या!

हाम्पुसचं टाळकंच सरकलं. "आजी, डोकं ठिकाणावर आहे का? एवढ्या थंडीत कंबर मोडेस्तोवर काढतो मी तो बर्फ!"

"कुणी सांगितलं होतं तुला, आगाऊ कुठला!" आजी कडाडल्या. "आता तो मी काढणार, माझ्या हातानं. परत हात लावलास तर हेच फावडं डोक्यात घालीन."

"अहो, तुमच्या भल्यासाठीच करतोय ना?"

"डोंबलाचं भलं! नऊ वाजेपर्यंत माझ्या दारातला बर्फ निघाला नाही, तर समोरचे धावत येऊन दार ठोठावतात. ठरलंय आमचं तसं."

आजींचा आवाज आणखी चढला.


"पंधरा दिवसांत मी आत मरून पडले असते, तरी तू रोज सकाळी गावाला सांगितलं असतंस, म्हातारी ठणठणीत आहे म्हणून!"