कचेरीतलं बाक

धुळ्याच्या गिरणीत माणसं भरायची ती हिलाल मुकादमानंच. पहाटे फाटकापाशी लोक हात जोडून उभे राहत. ज्याच्या खांद्याला मुकादमाची काठी लागे, तो आत. पण लढाईच्या साली मालकांनी पुण्याहून चष्मेवाला साहेब आणला, सरकीच्या रिकाम्या खोलीत कामगार-कचेरी उघडली आणि भरती त्याच्याकडे सोपवली. तेव्हापासून हिलालच्या पोटात दुखत होतं. त्यात साहेबानं कचेरीत बाक टाकलं म्हणे, आल्यागेल्याला बसायला! “बसाडीसन कोनी काम देस का?” हिलाल भेटेल त्याला विचारी. शेवटी राहवेना, तेव्हा काठी आपटत स्वतःच बघायला गेला. बाकावर भिकुबाई बसली होती. पहाटे फाटकापाशी त्याच्यापुढं मान खाली घालून उभी राहणारी भिकुबाई. ती गडबडीनं उठेल म्हणून तो छाती काढून थांबला. भिकुबाई नुसती बाजूला सरकली. “बसा ना, आबा,” कळवळून म्हणाली, “तुमनंबी काम गयं का?”