शेवटच्या कोऱ्या पानावर

शेवटच्या कोऱ्या पानावर पुन्हा तेच अक्षर होतं. पेन्सिलीचं, जाड, शाळकरी वळणाचं.

"जुनी कादंबरी. सगळेच फार गोड बोलतात. घरात असं कोनी बोलत नसते. तरी सुनेचं दुःख खरं वाटलं."

फुलचंदनं खोडरबर काढलं आणि पान घासायला घेतलं. सकाळपासूनचं हे एकोणिसावं पुस्तक. उद्या वाशिमहून तपासणीच्या मॅडम येणार होत्या, आणि केनवडच्या या दोन खोल्यांच्या वाचनालयात कुणीतरी चोरून कादंबऱ्या वाचत होतं. फुलचंदला घाम फुटला होता.

वाचनालयात कुणी वाचतं म्हणून ग्रंथपालाला घाम फुटावा, हे विचित्रच. पण फुलचंदचं देवघेव रजिस्टरही काही कमी विचित्र नव्हतं. गावातली माणसं पेपर वाचायला येत, पोरंपोरी भरतीच्या अभ्यासाला येत. कादंबरीला कुणी हात लावत नसे. देवघेव दिसली नाही तर वाचनालयाची मान्यता जाणार, आणि तिच्याबरोबर फुलचंदची बावीस वर्षांची ग्रंथपालकी. म्हणून दर शनिवारी तो रजिस्टर घेऊन बसे आणि कादंबऱ्या सभासदांच्या नावांवर वाटून टाकी. ही मदनसिंगला, ती रेणूला. नाव सुचेनासं झालं की मान वर करी. समोर वाचनालयाच्या ओट्यावर नथ्थू भाजी मांडून बसलेला असे. त्यालाही संख्या भरायची म्हणून फुलचंदनंच सभासद करून टाकलं होतं. मग नथ्थूच्या नावावर आणखी एक.

तेव्हा चोर रजिस्टरात शोधण्यात अर्थ नव्हता. त्यातलं सगळं फुलचंदच्याच डोक्यातून निघालेलं. शिवाय एका पुस्तकात लिहिलं होतं, "पानं एकमेकाले चिकटून होती. एक एक सोडवत वाचलं." रजिस्टरात ते पुस्तक अकरा जणांनी वाचून परत केलेलं! म्हणजे लिहिणाऱ्याला सारी भानगड ठाऊक होती. तो उद्या मॅडमपुढे तोंड उघडणार, यात फुलचंदला शंका उरली नाही.

पहिला संशय मदनसिंगवर. निवृत्त हेडमास्तर, पेपरातल्या चुका मोठ्यानं वाचून दाखवणारा. फुलचंदनं काहीतरी निमित्त काढून त्याच्याकडून चार ओळी लिहून घेतल्या. अक्षर बारीक आणि तिरपं निघालं. मग रेणू. ती तलाठी भरतीचा अभ्यास करायची आणि हल्ली फुलचंदकडे बघून उगाच हसायची. तिची वही त्यानं ती पाणी प्यायला गेल्यावर उघडली. तीही नाही. राहता राहिली दुपारची वेळ. फुलचंद जेवायला घरी जाई, तेव्हा वाचनालय नथ्थूच्या भरवशावर उघडं असे.

"नथ्थू, मी जेवाले गेलो की कोनी आत येते काय?"

"कोनीच नाई येत, भाऊ," मेथीवर पाणी शिंपडत नथ्थू म्हणाला.

म्हणजे हाही सामील! फुलचंदनं मनात नोंद करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. चहाला नाही म्हणाल्या आणि थेट रजिस्टर मागितलं. रजिस्टर उलटता उलटता त्यांचं बोट थांबलं.

"हे नथ्थू कोण? तीन वर्षांत एकेचाळीस कादंबऱ्या?"

"आहेत एक. आवड आहे त्यांना वाचनाची," फुलचंद कसंबसं म्हणाला.

"बोलवा त्यांना."

नथ्थू दुपट्ट्याला हात पुसत आत आला. मॅडमनी त्याच्या नावावरची नोंद पाहिली आणि कपाटातून एक जाडजूड नवी कादंबरी काढली.

"ही वाचलीत?"

फुलचंदनं डोळे मिटून घेतले. बावीस वर्षं गेली, एवढंच त्याच्या मनात आलं.

"वाचली जी," नथ्थू म्हणाला. "मानूस पयल्या पानापासून मी एकटा, मी एकटा म्हनून रडते. पन शेजाऱ्याच्या घरी एकदाबी जात नाई. मले त्याचा रागच आला. मंग त्याची माय मरते, तवा मीबी रडलो."

फुलचंदचे डोळे खाडकन उघडले. हीच वाक्यं त्यानं काल सकाळी घासून काढली होती.

मॅडमनी दुसरी कादंबरी पुढे केली. जुनी, कापडी बांधणीची.

"हिचे तीस पानं नुसतं रान आन नदी. तिथं मी झोपून गेलो. पन सून घर सोडून निघते ना, ते पान दोनदा वाचलं."

"तिथंच मीही झोपले होते," मॅडम म्हणाल्या आणि हसल्या. तिसरं पुस्तक त्यांनी काढलंच नाही. रजिस्टरावर सही केली, चहा मागून घेतला आणि पुढच्या तपासणीला जिल्ह्यातल्याच मालेगावला निघून गेल्या.

फुलचंदनं खरं तर नथ्थूचे पाय धरायला हवे होते. पण संशय असा एका सहीनं जात नाही. त्यानं दार लोटलं.

"बोल. काय पाहिजे तुले?"

"काई नाई."

"मंग एवढ्या कादंबऱ्या काहून वाचल्या? कोनाच्या सांगन्यावरून?"

नथ्थूनं टेबलावरचं रजिस्टर आपल्याकडे वळवलं आणि स्वतःच्या नावावर बोट ठेवलं.

"इथं लिहून होतं, भाऊ. माह्या नावानं खोटं कायले राहू देऊ? पस्तीस झाल्या. सहा राह्यल्या. त्या होईस्तोर माह्या नावावर नवीन लिहू नका."