मोठ्याने म्हणा

"गोवराच्या लसीने पोरं बहिरी होतात," असा मेसेज थोरल्या भाऊजींनी घरच्या ग्रुपवर टाकला, आणि घरच्यांनी माझ्या लेकाला लस टोचू दिली नाही. मग त्याला गोवर झाला. त्यानंतर मी नर्सिंग शिकले, ते उगाच नाही.

आज तेच भाऊजी नातवाला कडेवर घेऊन गुपचूप लसीकरण केंद्रावर लस टोचून घ्यायला आले. लस टोचणारी नर्स मीच, हे पाहून चपापले. "ग्रुपवर बोलू नकोस हं."

"मी कशाला बोलू? तुम्हीच बोला. कान गोवराने जातात, लसीने नाही. बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल असं, मोठ्याने."

शेवटी त्यांनी ते ओरडून म्हटलं. अख्खी रांग वळून बघायला लागली.

कोपऱ्यात चित्र रंगवत बसलेल्या माझ्या लेकाने मात्र मान वर केली नाही.