शाल्मल नगरीचे वैद्य

"जाळ की तो लेख! किती वेळ बघत बसतो?" वंदना म्हणाली.

कल्याणचा अंगठा फोनवर तसाच अडकून राहिला. जालन्याच्या दवाखान्यातला बाक, शेजारी थोरली बहीण, आणि फोनवर खेळातला शेवटचा प्रश्न. शाल्मल नावाची जुनी नगरी. तिथल्या वैद्यांना कळतं, विहिरींत विष उतरलंय, औषध नाही, सगळ्यांना एकच वर्ष उरलंय. त्यांनी ते लिहून ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही. लोकांनी पेरण्या केल्या, लग्नं लावली, आणि वर्षाच्या आत सगळे संपले. खेळणारा काळात मागं जातो, लेख त्याच्या हातात येतो. चौकात वाचायचा की जाळायचा?

दिवाळीला माहेरी परतूरला आलेल्या वंदनाला या खेळाचा नाद कल्याणनंच लावला होता.

"वाचायचा," तो म्हणाला. "हरामखोर होते ते वैद्य. मरण लोकांचं अन् लोकांनाच पत्ता न्हाई?"

"पत्ता लागून काय दिवे लावले असते त्यांनी? वर्षभर रडत बसले असते. पोरींची लग्नं तरी झाली."

"कुणी भांडण मिटवलं असतं, कुणी लेकराला जवळ घेतलं असतं. तो हक्क वैद्यांनी खाल्ला, ताई."

"मोठा आला हक्कवाला! सांगणाऱ्याच्या पोटात काय कालवतं ते तुला काय ठाऊक?"

कल्याणला ठाऊक नाही? आठ दिवस तो दुसरं काय करत होता?

आठ दिवसांपूर्वी आदिनाथदाजींनी, म्हणजे वंदनाच्या नवऱ्यानं, त्याला घरामागं नेऊन सांगितलं होतं. वंदनाच्या रक्तात आजार निघालाय, मोठा. कळलं तर ती हाय खाईल. "तिला म्हटलंय, तपासणी कल्याणची हाय. तू पेशंट बन. ती सोबतीला येईल, अन् डॉक्टर दोघांचंबी बघतील."

एरवी दवाखान्याची पायरी न चढणारा कल्याण ताईसाठी एका पायावर तयार झाला. फाईल त्याच्या नावाची केली. रक्तही आधी त्याचंच काढलं, तेही तीनदा. बहिणीशी जुळतं का बघायला, दाजी म्हणाले. कापूस वेचताना महिन्याभरात दोनदा त्याला भोवळ आली होती, तरी या पठ्ठ्यानं कुरकुर केली नाही.

तो उठला, पाण्याच्या टाकीपर्यंत गेला, न पिताच परत आला. बसला. परत उठला.

"बस की बाबा! भिंगरी लागलीय का पायाला?" वंदनानं डाळिंबाच्या दाण्यांचा डबा उघडला. "खा."

"तू खा. गरज तुला..." त्यानं जीभ चावली. "तुला आवडतात ना."

डबा दोघांच्या मधे तसाच राहिला.

"खरं सांग ताई. तू त्या नगरीत असतीस तर? तुला कळायला पाहिजे होतं का न्हाई?"

वंदनानं डब्याचं झाकण लावलं.

"मला? मला तर पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं."

"मंग दुसऱ्यांसाठी जाळायचं कशाला?"

"आपलं मरण सोसतं रे माणूस. दुसऱ्याचं तोंड बघितलं की जीभ उचलत न्हाई."

झालं. कल्याणचा धीर सुटला. त्यानं 'वाचा'वर अंगठा दाबला आणि फोन बाकावर पालथा ठेवला. आत नगरीच्या चौकात शंख वाजत राहिला.

"ताई, रागावू नको. ही फाईल खोटी हाय. आजार मला न्हाई, तुला हाय. दाजींनी माझ्याकडून नाटक करून घेतलं. आठ दिवस घास गिळंना झालाय मला. पण तू घाबरू नको, मी हाय. रक्त म्हण, काय म्हण, लागंल ते देतो."

वंदनानं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले होते.

"दाजींनी न्हाई, राजा," ती म्हणाली. "ते नाटक मी रचलं. मला काहीच झालं न्हाई."