लाल बटण

गिटारच्या अ‍ॅम्पचं, म्हणजे तिच्या स्पीकरच्या खोक्याचं, लाल बटण पायानं दाबलं की वाजेल ते रेकॉर्ड होतं, पुन्हा दाबलं की तेच फिरून फिरून ऐकू येतं, एवढं गिरिजाला जमायला लागलं होतं. आज आई कोपऱ्यात बसून ऐकत होती; गिरिजानं बटण दाबलं आणि बाबा आत आले. आईला मारण्याआधी लावतात तसं त्यांनी दार लावलं, गिटार हिसकावून भिंतीवर आपटली. तारा किंचाळल्या.

गिरिजानं पुन्हा बटण दाबलं.

दणका, तारांची किंकाळी. परत तेच. बाबांनी अ‍ॅम्पला लाथ घातली, विजेची वायर उपटली. अ‍ॅम्प बॅटरीवर चालूच. त्यांनी हाताला लागेल ते बटण पिळलं, तर दणका देवळातल्यासारखा घुमायला लागला.

"बंद कर ते," बाबा ओरडले.

कालच्या मारानं सुजलेला गाल धरून आई उठली. तिनं दार सताड उघडलं.

"गिरिजा, आवाज वाढवायचं बटण कोणतं गं?"