सुलतानाचा हलवा

पहिल्या खेपेचा रवा करपला. सेलामीने तो अंगणात कोंबड्यांपुढे टाकला, कढई घासली आणि पुन्हा लोणी वितळत ठेवलं. तेवढ्यातही तो सारखा खिडकीशी जात होता, परत येत होता. खिशातली मोठी किल्ली दर पावलाला मांडीवर आपटत होती.

किल्ली मकबऱ्याची होती. तुर्कस्तानात, कोन्या शहराच्या वाटेवरच्या एका गावात, टेकडीवर, आठशे वर्षांपूर्वीचा एक सुलतान निजला होता. सेलामी त्याचा राखणदार. आज सुलतानाचा मृत्युदिन. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या आजच्या पानावर, ‘इतिहासात आज’ या मथळ्याखाली, तो छापलेलाच होता. खाली कुठली तरी लढाई संपली होती, कुठे तरी पहिली आगगाडी सुटली होती. नेझाकतचं नाव त्यात नव्हतं. सेलामीची बायको गेल्या वर्षी याच तारखेला गेली. याच शेगडीपुढे.

“रवा आहे तो, सिमेंट नव्हे. खालून ढवळ,” दारातून शेजारची मुकद्देस आब्ला म्हणाली. वयाने थोरली, म्हणून सगळ्या गल्लीची ती आब्ला, म्हणजे ताई; सगळे तिचं ऐकायचे. तिने चमचा घेतला, ओठ हलवत थोडं ढवळलं आणि परत दिला. तिथली रीतच तशी. गेलेल्याच्या नावाने हलवा करायचा, जो ढवळेल त्याने दुवा मागायची. रवा भाजल्याचा वास त्या माणसाला पोचतो म्हणतात.

“पोचला बघ नेझाकतला,” आब्ला म्हणाली. “म्हणत असेल, मी मेले तेव्हा कुठे याला चमचा धरता आला.”

सेलामी हसला नाही. ढवळत राहिला.

फोन वाजला. नगरपालिकेचा कारकून होता. “सेलामी एफेंदी, आहात कुठे? दाराला कुलूप! नगराध्यक्ष पुष्पचक्र घेऊन उन्हात उभे आहेत!”

“हलवा व्हायचाय.”

“अहो, मिठाईवाल्याकडून डबे आलेत!”

“डब्यांना वास नसतो,” सेलामी म्हणाला आणि फोन ठेवला.

दरवर्षी आजच्या दिवशी नेझाकत टेकडीवर हलवा न्यायची. “त्याच्या घरचं आता कोण उरलंय?” म्हणायची. त्याच खटपटीत ती गेली. त्यानंतर सेलामीने मकबरा झाडला, दिवे पुसले, पण सुलतानासाठी एकदाही फातिहाची प्रार्थना म्हटली नाही. कबरीकडे पाठ करून झाडायचा.

रवा बदामी झाला. त्याने गरम दूध ओतलं. कढई फुत्कारली. झाकण ठेवून त्याने ती फडक्यात बांधली आणि मुरायचीही वाट न पाहता बाहेर पडला. आब्ला डोक्याला रुमाल बांधत मागोमाग निघाली.

गल्लीच्या टोकाला ती डावीकडे वळली. सेलामी उजवीकडे वळला.

“अरे, कबरस्तान इकडे!” आब्ला ओरडली. “तिकडे कुठे निघालास? बायकोचं वर्ष आज, आणि हलवा त्या म्हाताऱ्याला? ज्याच्यापायी ती गेली त्याला? लाज वाटते का काही?”

सेलामी थांबला. कढईचा चटका फडक्यातून हाताला बसत होता.

“आब्ला, गेल्या वर्षी ती पडली तेव्हा रवा शेगडीवरच होता. अर्धा भाजलेला. वाया कशाला घालवायचा, म्हणून तुम्ही बायकांनी तोच पुरा केलात. तिच्या नावाने वाटलात.”

“मग? चुकलं आमचं?”

“नाही. पण तो हलवा सुलतानाचा होता. आपला हलवा तिला देऊन तो वर्षभर उपाशी बसलाय, आणि वर मीच त्याच्याशी अबोला धरला.”

टेकडीवरून कुणी तरी किल्लीसाठी हाका मारत होतं. सेलामीने कढई दुसऱ्या हातात घेतली.

“आधी पाहुण्याला वाढतो,” तो म्हणाला. “ती घरची आहे. थांबेल.”